आतलं वळण

धाकट्याला बर्फावर पहिल्यांदा उभं केलं ते त्याच्या ताईनं. वडील लवकर गेलेले, आई दिवसभर पडदे शिवायच्या दुकानात, आणि घरात हा पोरगा म्हणजे नुसता उच्छाद. त्याला दमवायचं कुठं, तर जवळच्या बर्फाच्या मैदानात, इतकाच तिचा विचार. तिला स्वतःला स्केट्स घालून धड उभंही राहता येत नसे. कठड्याला धरून ती ओरडायची, "वाक, अजून वाक!" कारण तिथले मास्तर पोरांना तसं ओरडताना तिनं ऐकलं होतं. एक दिवस मास्तरच तिच्यापाशी आले.

"हा कुणाचा?"

"माझा," ताई म्हणाली. तेव्हा ती स्वतःच शाळेत होती.

"मग उद्यापासून माझा."

मास्तरांनी शब्द पाळला. ताई पुढं ट्राम चालवायला लागली. पहाटेची पाळी मुद्दाम मागून घ्यायची आणि डेपोला जाता जाता भावाला मैदानावर सोडायची. पोरगा वाढला, मांड्या खांबासारख्या झाल्या, पँट शिवायला आईला नेहमीपेक्षा दीडपट कापड लागायला लागलं. मग बक्षिसं, मग देशाच्या संघात जागा, आणि मग ती मोठी शर्यत, जी जिंकल्यावर वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'तीर' ठेवलं. घरात तो धाकट्याच राहिला. "तीर असशील बाहेर, आधी कचरा टाकून ये," आई म्हणायची.

लोक येत ते त्याचं आतलं वळण बघायला. लांब पल्ल्याच्या स्केटिंगमध्ये दोघं दोन लेनमधून धावतात. आतल्या लेनचं वळण आखूड आणि वाईट. वेग तर सोडायचा नाही आणि शरीर मात्र इतकं कलवायचं की डावा खांदा जवळजवळ जमिनीला लागावा. बाकीचे तिथं जरा हात आखडता घेत. हा उलट तिथंच सुटायचा. मास्तर बाकीच्यांना म्हणत, "बघा, याला भीती नावाचा अवयवच दिलेला नाही देवानं." धाकट्या हसायचा. त्यालाही ते खरंच वाटायचं.

त्या दिवशी सराव होता. पुढं लंबू, त्याचा संघातला जोडीदार, आणि त्याच्या पाठीला चिकटून, वाऱ्याच्या आडोशाला, धाकट्या. आतल्या वळणावर लंबूचा पाय सटकला. तो बसकण मारून कडेच्या गाद्यांवर जाऊन आदळला आणि आदळता आदळता त्याच्या एका पायाचं पातं दुसऱ्या मांडीत शिरलं. धाकट्यानं अंग वळवून त्याला चुकवलं. साधं खरचटलंही नाही. तो थांबून मागं आला तेव्हा बर्फ लाल झाला होता आणि लंबू आपल्या मांडीकडं असा बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. मास्तर धावले, दोरी बांधली, गाडी आली. धाकट्या नुसता उभा राहिला. कुणी त्याला टॉवेल आण म्हणालं, तर टॉवेल कुठं असतात हेच त्याला आठवेना.

लंबू वाचला. पायही वाचला.

दोन दिवसांनी धाकट्या सरावाला उतरला. सरळ पट्टीवर सगळं ठीक. वळण आलं आणि त्याचे गुडघे आपोआप सरळ झाले. त्यानं काही ठरवलं नव्हतं. रस्त्यात साप दिसल्यावर माणूस जसा थबकतो, तसं अंगच थबकलं. तो ताठ उभा राहून, बाजारात भाजी बघत फिरावं तसा, वळणावरून बाहेर वाहवत गेला.

"काय रे?" मास्तर ओरडले.

"पात्याला धार नाही."

पात्याला धार लावली. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून वाकडा झाला आणि म्हणाला, "पाठ."

पाठ ही मोठी सोयीची गोष्ट. बाहेरून दिसत नाही, आणि नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. मास्तरांनी स्वतः त्याला धरून बाकावर बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून धाकट्याचे कान तापले. पण शब्द तोंडातून गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, ठोकून बघितलं, पाय वर उचलायला लावले. ताई शेजारी पर्स छातीशी धरून बसली होती.

"फोटोत तर काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे दुखत नाही असं मी म्हणत नाही." मग त्याच्याकडं सरळ बघत, "दुसरं काही सांगायचंय का?"

दार उघडं होतं. नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"नाही," धाकट्या म्हणाला.

घरी आले तर इमारतीची लिफ्ट बंद. घर तिसऱ्या मजल्यावर. ताईनं पर्स गळ्यात अडकवली आणि त्याच्यापुढं वाकून उभी राहिली.

"बस पाठीवर."

"वेडी आहेस का?"

"लहानपणी नाही का नेत होते?"

"तेव्हा मी पोतं होतो. आता अख्खं गोदाम आहे."

"बस म्हटलं ना. पायऱ्या चढून आणखी काहीतरी मोडून घेशील."

ताई त्याच्या खांद्याला लागायची. तरी तिनं त्याला उचललं. पहिला मजला तिनं थट्टा करत काढला, दुसऱ्यावर बोलणं बंद झालं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला हात टेकून थांबली, तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार उघडलं. "अगंबाई! चॅम्पियनला उचललंस?" ताई दम खात हसली. तिचा कान धाकट्याच्या तोंडाजवळ होता, लालबुंद. त्यातून धडधड ऐकू यावी असं वाटत होतं. मला खाली ठेव, मला काही झालेलं नाही, हे वाक्य त्याच्या जिभेवर पूर्ण तयार होतं. तो म्हणाला, "हळू." आणि ती बिचारी आणखी हळू चढायला लागली.

घरात मग त्याचं बाळंतपण सुरू झालं. आई गादीखाली फळी घालून गेली. शेकायची पिशवी दर थोड्या वेळानं बदलली जायची. जेवण ताटासकट पलंगावर. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. लोकांना वाटायचं, कळ आलीय.

लंबू काठी टेकत भेटायला आला तेव्हा तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. लंबू पलंगाच्या कडेला बसला, मांडीवरचा लांबलचक व्रण त्यानं स्वतःहून दाखवला. मग खाली बघत म्हणाला, "मी विचार करत होतो. त्या दिवशी मला चुकवायला तू एकदम वळलास ना? तिथंच पाठ भरली असणार तुझी. माझ्यामुळं."

"असेल," धाकट्या म्हणाला.

मागाहून त्याला सगळ्यात जास्त टोचला तो हा शब्द. खोटं बोलला, ते भीतीपोटी. हे मात्र नुसतं आयतं मिळालं म्हणून घेतलं. लंबू जाताना त्याच्या उशाशी फळं ठेवून गेला. काही आठवड्यांनी तो बर्फावर उतरल्याचंही कळलं. लंगडत, शिव्या घालत, पण उतरला.

जगज्जेतेपदाची स्पर्धा जवळ आली. धाकट्याच्या अंतराच्या शर्यतीसाठी संघात एकच जागा होती. मागं एकजण राखीव होता, इतकी वर्षं राखीव की सगळे त्याला 'राखीव' म्हणूनच हाक मारायचे, त्याची बायकोसुद्धा. मास्तर म्हणाले, "नावं द्यायची मुदत संपतेय. खरं सांग, उभा राहशील? नाहीतर राखीवला पाठवतो."

नाही म्हणावं तर लोक विचारणार, मग नक्की झालंय तरी काय. हो म्हणावं तर निदान आजचा दिवस निभतो.

"राहीन," धाकट्या म्हणाला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याचं नाव पाठवून दिलं.

निघायला आठवडा असताना, रविवारी सकाळी, आई त्याच्या खोलीत नवा पडदा लावत होती. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येते म्हणून. स्टुलावर चढून, टाचा उंचावून. स्टूल कलंडलं. धाकट्यानं काय केलं हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. पलंगावरून उडी, एक ढांग, आणि आई जमिनीला लागायच्या आत त्याच्या दोन्ही हातांवर. अंगावर पडदा, तोंडात पडद्याच्या कड्या, तशीच ती किंचाळली, "अरे, तुझी पाठ!"

ताई दारात उभी होती. हातात शेकायची पिशवी.

धाकट्यानं आईला अलगद पलंगावर ठेवलं. आई अजून त्याचीच कंबर चाचपत होती. "लचक भरली का? बस, बस आधी!" ताईनं पिशवी टेबलावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

तो मागं गेला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"कधीपासून दुखत नाहीय?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी तुला तीन मजले..." आधी तिला हसू फुटलं, मग त्या हसण्याचंच रडं झालं. पदर नव्हता म्हणून तिनं ओट्यावरचं फडकं तोंडाला लावलं. "मेल्या, 'हळू' म्हणालास मला. हळू!"

"मला भीती वाटते, ताई."

"कशाची?"

"वळणाची. लंबू पडला ना, तेव्हापासून. पाय वाकतच नाहीत."

"मग सांगायचं नाही का?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

ताईनं फडकं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं. "चल, मास्तरांकडं," ती म्हणाली. "आणि जिना तू उतरायचा. मी लिफ्टनं जाते."

मास्तर मैदानाच्या कडेला एका स्केटच्या पात्याचा स्क्रू पिळत बसले होते. लंबूही होता. धाकट्यानं सगळं सांगितलं, लंबूकडं न बघता. लंबूला म्हणायचं वाक्य त्यानं वाटेत घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तुझ्यामुळं काही झालं नव्हतं." लंबूनं काठी उचलली आणि तो आत निघून गेला. दार आपटलं नाही, हे जास्त लागलं.

मास्तरांनी स्क्रू पूर्ण पिळला. मग म्हणाले, "मलाही वाटायची भीती. मी त्यापायीच मास्तर झालो, नाहीतर धावलो नसतो? भीतीचा मला राग नाही. पण तू जागा अडवून ठेवलीस. आता नाव बदलता येत नाही. राखीवनं या वर्षी घरच्या लग्नालाही जायचं टाळलं होतं, सराव चुकेल म्हणून."

"मी त्याला भेटतो."

"भेट नाहीतर नको भेटू. त्याला काय मिळणार आहे त्यातनं?"

स्पर्धेच्या दिवशी ताईनं त्याला ट्रामच्या डेपोतल्या कँटीनमध्ये नेलं. "घरात तोंड लपवून बघायचं नाही. चारचौघांत बघायचं." टीव्हीवर त्याच्या जोडीतला परदेशी खेळाडू रेषेवर आला. शेजारची लेन मोकळी. बंदूक वाजली आणि तो माणूस एकटाच धावला, संपूर्ण शर्यत एकटा. दर फेरीला कॅमेरा दोन्ही लेन दाखवत होता आणि एका लेनमध्ये नुसता बर्फ चमकत होता.

"बिचाऱ्याची पाठ गेली म्हणे," एक ड्रायव्हर म्हणाला. दुसऱ्यानं धाकट्याला ओळखलं. गडबड उडाली. कुणी गादीची खुर्ची सरकवली, कुणी चहा पुढं केला, एका बाईनं कसलंसं मलम सुचवलं. धाकट्या बसला नाही.

"माझी पाठ गेलेली नाही," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी घाबरलो. म्हणून गेलो नाही."

टीव्हीवरचा माणूस अजून धावत होता. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं चहाचा घोट घेतला.

"बरं. मग बस की. घाबरलेल्या माणसानं उभं राहावं असं कुठं लिहिलंय?"

काहीजण हसले, काही दुसरीकडं बघायला लागले. मलमवाली बाई उठून गेली. ताईनं खुर्ची त्याच्या गुडघ्यामागं ढकलली आणि तो बसला.

पुढचे महिने तो बाहेर पडायचा तेव्हा टोपी नाकापर्यंत ओढलेली असायची. बातमी पसरली होतीच. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारपूस करत, पण आता नजर त्याच्या पाठीऐवजी पायांकडं जायची. तीर म्हणे बोथट झाला, असं कुणीतरी छापलंही. घरी बसून तो आईला पडद्यांना कड्या लावून द्यायचा. एक दिवस आई म्हणाली, "कड्या छान लावतोस. पण तुला बघून मला शिवण सुचत नाही. जा कुठंतरी."

तो मैदानावर गेला. दुपारी, जेव्हा तिथं सरावाचं कुणी नसतं, फक्त शिकाऊ पोरं आणि त्यांच्या आया. भाड्याचे स्केट्स द्यायच्या खिडकीत राखीव बसला होता. पोटासाठी तो तिथंच काम करायचा, हे धाकट्याला माहीत होतं. माहीत असूनच तो इतके दिवस आला नव्हता.

"काय पाहिजे?" राखीव म्हणाला.

"तुझी माफी."

"ती भाड्यानं मिळत नाही." राखीवनं एका छोट्या मुलीचे स्केट्स पुसून फळीवर ठेवले. "इतकी वर्षं मला वाटायचं, हा एकदा पडला की मी जाईन. पाप आहे, पण वाटायचं. तू पडलाही नाहीस, आणि उठलाही नाहीस. नुसता आडवा झोपलास, माझ्या वाटेत."

धाकट्यानं मान हलवली.

"बर्फावर जायचंय?"

"हो."

"वाकता येतं?"

"वळणावर नाही."

राखीवनं मागं वळून कोपऱ्यातली एक लोखंडी चौकट ओढली. पडू नये म्हणून लहान पोरं ढकलत ढकलत चालतात ती, वर अस्वलाचं तोंड रंगवलेली. त्यानं ती खिडकीबाहेर सरकवली. "नवीन येणाऱ्यांनी ही घ्यायची. नियम आहे."

ही चेष्टा आहे की नियम, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. धाकट्यानं अस्वलाचे कान धरले आणि तो बर्फावर गेला.

चौकट त्याच्या मांड्यांपर्यंतच येत होती, त्यामुळं त्याला कमरेत वाकावं लागलं. आया कुजबुजल्या. एकीनं मोबाइल वर केला. एका चिमुरड्यानं विचारलं, "तुम्ही एवढे मोठे झालात तरी येत नाही?" "येत होतं," धाकट्या म्हणाला, "विसरलो." त्याचा चेहरा असा पेटला होता की टोपी काढावी लागली. वळण आलं. गुडघे सरळ व्हायला निघाले, पण अस्वल बुटकं होतं आणि ते सोडल्याशिवाय ताठ होता येईना. तो वाकलेलाच राहिला. अस्वलाचे कान घट्ट आवळून धरले, आणि वळण संपलं.

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही. मोबाइलवाल्या बाईनं केलेलं चित्रण गावभर फिरलं. त्यावर आलेले विनोद ताईनं त्याला वाचून दाखवले, त्यातले बरे तेवढेच. लंबू एकदा कठड्याशी येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला. "अस्वल चांगलं धावतं," एवढं म्हणाला. त्यानंतर दोघं बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही. लंबू हातचं राखून बोलायचा आणि धाकट्याला ते बरोबरच वाटायचं.

अस्वल सुटलं. एकदा तो पडलाही, गाद्यांवर जाऊन, आणि उठताना आपण मांडी तपासतोय हे बघून स्वतःच ओशाळला. पण पूर्वीचा वेग आला नाही. वळण दिसलं की भीती यायचीच. तिला बरोबर घेऊन जेवढं धावता येईल तेवढाच तो धावायचा.

राखीव एक दिवस खिडकी बंद करून बर्फावर आला. "माझ्यापुढं धावणारं कुणी नाही," तो म्हणाला. "लंबूचा पाय थकतो. मला सरावाला वारा अडवायला माणूस लागतो."

"मी?"

"तुझी पाठ रुंद आहे. आणि धडधाकट आहे असं ऐकलंय."

माफी ती नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्या पुढं झाला. पुढच्या माणसाला वळण आधी भेटतं. दर फेरीला ते आधी त्याला भेटायचं, मग राखीवला. मागून राखीव ओरडायचा, "वाक, मेल्या, तुझ्या डोक्यावरून माझ्या तोंडावर वारा येतोय!" तो वाकायचा.

पुढच्या हंगामात ती एक जागा राखीवला मिळाली. मास्तरांनी धाकट्याला सामान उचलायला बरोबर नेलं. राखीव नववा आला. जगात नववा. त्याची बायको फोनवर इतक्या मोठ्यानं रडत होती की शेजारच्या बाकावरचे परदेशी खेळाडू घाबरून बघायला लागले. जाळीजवळ एका बातमीदारानं धाकट्याला ओळखलं, खांद्यावरच्या दोन बॅगांसकट, आणि त्याच्याकडं बोट करून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. दोघं हसले. धाकट्यानं मान खाली घातली आणि बॅगा नीट केल्या.

राखीव फोन ठेवून आला. घामानं निथळत, डोळे लाल.

"नववा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आतल्या वळणावर जरा जोरात ने मला. तू घाबरतोस आणि वेळ माझा जातो."

"नेतो," धाकट्या म्हणाला.